अर्धा गुण

रविवार संध्याकाळ. कंपन्यांचे भोंगे गप्प.
ओट्यावर कुकर, टेबलावर सात उतारे,
तिसरीच्या चाचणीला त्यातला एकच हवा.

पहिल्यात कोल्हा, आणि शेवटी तात्पर्य.
तात्पर्य दिसलं की मुलं वरचं वाचतच नाहीत.
दुसऱ्यात दीपगृह. सातपूरच्या आमच्या वर्गात
समुद्र पाहिलेली दोघंच, तीही मोबाइलवर.
तिसरा अगदी सोपा:
राजूकडे लाल चेंडू होता. राजूकडे काय होतं?
यात वाचायचं काय?
वरचा शब्द चिमटीत धरायचा, खाली ठेवायचा.

मागच्या वेळी विचारलं होतं,
बाबांनी डबा तसाच परत का आणला?
उत्तरसूचीत: त्यांना भूक नव्हती.
दुर्वेश पगारेनं लिहिलं,
‘भूक नव्हती असं ते म्हणाले.
पण कंपनीला कुलूप असेल.’
मी अर्धा गुण दिला.
लाल शाईत, नीट, रेघ मारून.
त्यानं काही विचारलं नाही,
पेपर चार घड्या करून कंपासपेटीत ठेवला.

चौथा, पाचवा, सहावा बाजूला सारते.
सातव्यात निमाणीच्या स्टॉपवर एक मुलगी,
हातात पिशवी.
एक बस जाऊ देते. दुसरीही.
का, ते लिहिलेलं नाही.
खाली विचारलेलंही नाही.

मी पेनानं विचारते: का?
उत्तराला दोन ओळी आखते,
मग आणखी तीन.
उत्तरसूचीत त्या आकड्यापुढे
काहीच लिहीत नाही.

कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या,
मोजायचं राहूनच गेलं.