काटा स्थिर होईपर्यंत

अकरा मिनिटं, असं मला सांगितलं.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात तू पडलास
तेव्हा घड्याळ कुणीच बघत नव्हतं.
एक माथाडी छाती दाबत होता, दुसरा टेम्पो अडवत होता,
अकराचा आकडा मागाहून कुणीतरी अंदाजाने टाकला.
कागदावर मात्र पक्का.

तू असतास तर विचारलं असतंस,
कुठल्या काट्यावर मोजले?
शेवटचा शिक्का कधीचा?

पंचवीस वर्षं बाजारातले वजनकाटे दुरुस्त केलेस, बाळाराम.
गोणीखाली गंजलेले, उंदरांनी वायरी कुरतडलेले,
आणि पारड्याखाली चिंच चिकटवलेले तराजू;
ती चिंच तू नखाने खरवडायचास, मालकाकडे न बघता.
मला म्हणायचास,
काटा हलतोय तोवर वाचू नये.
तो आकडा वजनाचा नसतो, धक्क्याचा असतो.

वाशीच्या हॉस्पिटलात मी रोज आकडा मागायची.
चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेल्या डॉक्टर मर्चंट
फिल्म उजेडाला धरून म्हणाल्या,
इथे हवा पोचली नाही. आणि इथे.
मग बरे किती होतील? शंभरात किती?
तीन महिन्यांनी विचारा.
तीन महिन्यांनी म्हणाल्या, सहा.
राग आला नाही म्हणणं खोटं होईल.
शेजारच्या खाटेवरचा, तळ्यात बुडालेला मुलगा
चारच मिनिटांचा होता. गेला.
कुणी एक बाई वीस मिनिटांची,
आता नेरूळला शाळेत शिकवते, म्हणे.
वॉर्डाबाहेरच्या बाकावर बायका असे आकडे
डब्यातल्या भाजीसारखे वाटून घेतात.

घरी आणलं तुला.
तुझी आई कानाशी बसून, डोलं उघर रं पोरा.
डोळे तर उघडेच होते.
तेच तिला कसं सांगायचं.
बोटं मधूनच उडायची, मी हातातलं टाकून धावायची.
फिजिओचा रेवण म्हणाला,
ताई, हा झटका आहे, इच्छा नाही.

मग पलंगाखालची पेटी ओढली.
मखमलीच्या खळग्यांत बसलेली तुझी पितळी वजनं.
हात लावू द्यायचा नाहीस, घामाने वजन वाढतं म्हणून.
घामेजल्या हातानेच दोनशे ग्रॅमचं
तुझ्या तळव्यात ठेवलं.
पडलं. फरशीचा टवका उडाला.
रोज ठेवलं, नळीतून पेज सोडायच्या आधी. रोज पडलं.
खालच्या मजल्यावरची बाई भांडायला वर आली,
दारातून तुला बघून गेली, पुढे कधी बोलली नाही.

एका मंगळवारी चुकून दुसरंच हाती आलं,
भंगारातलं, झिजलेलं, शिक्का पुसलेलं.
मूठ मिटली नाही.
पण डावी भुवई,
खोटं माप दिसलं की चढायची तीच,
चढली, आणि वरच राहिली.
मी श्वास धरून. किती वेळ, मोजलं नाही.
मग उतरली.

रेवणला सांगितलं नाही.
डॉक्टरबाईंनी तारीख घालून लिहून घेतलं
आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
निदान खोडलं तरी नाही.

आता दोन्ही ठेवते, खरं आणि खोटं, आलटून पालटून.
बहुतेक दिवस काहीच नाही.
पहाटे तीनला कांद्याचे ट्रक मागे घेताना पिपाणी वाजते,
तू तिकडे मान वळवतोस,
किंवा मान वळते.

मी अजून वाचत नाही.
काटा हलतोय.