जावळ

पाच वर्षं पिराजीच्या डोक्याला कात्री लागली नव्हती.
मानवतच्या बाजारात बायका विचारायच्या,
पोरीचं नाव काय हो?
सत्यशीला त्याच्या दोन्ही वेण्या पुढं घ्यायची,
म्हणायची, पोरगाच हाय. पिराचं देणं हाय.

जावळ काढायचं ते ओढ्याकाठच्या पिराला,
पाचव्या उरुसात, मलिद्याच्या निवदासोबत,
हे आधीच्या दोन पाळण्यांनंतर बोललेलं.
त्या पाळण्यांचं मी बोलत नाही.

मी मोटार वाइंडिंग करणारा माणूस.
जळालेली मोटार उघडली की वासावरनं कळतं
किती आत गेलंय.
डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून त्यावर गोल काढले,
म्हणाल्या, रक्त तयार होतं हाडाच्या आत,
बिघाड तिथंच आहे.
मी विचारलं, जुनी तार सगळी काढून नवी भरता येते का?
त्या थोडं थांबल्या.
म्हणाल्या, साधारण तसंच करणार आहोत.
त्या 'साधारण'वर
आम्ही संभाजीनगरात नऊ महिने राहिलो.

केस जातील, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
सत्यशीलानं ताप ऐकला, उलट्या ऐकल्या,
शंभरातले ऐंशी बरे होतात, हे दोनदा ऐकलं.
केसांचं तेवढं तिनं ऐकलंच नाही.

मग एका पहाटे उशीवर अर्धी वेणी.
रबर तसाच, गाठ तशीच.
ती ओरडली नाही.
बिस्किटाचा पुडा रिकामा केला, झटकला,
आणि वेचत बसली,
चादरीवरचे, टॉवेलवरचे,
पिराजीच्या ओठाला चिकटलेला एक.
शेजारच्या खाटेवरची जिंतूरची आजी म्हणाली,
अगं बाई, मावशी झाडून घेतील की.
ही म्हणाली, झाडायचे न्हाईत. आमचे न्हाईत ते.

मला राग आला. कुणाचा, ते अजून सांगता येत नाही.
रात्री व्हरांड्यात मी म्हणालो,
त्याला हेच घ्यायचं होतं
तर उरुसापर्यंत थांबला असता.
ती म्हणाली, हळू बोला, झोपलाय.
पोरगं की पीर,
मी विचारलं नाही.

मुजावर हमीदचाचा सकाळच्या पॅसेंजरनं आले.
मलिद्याचा डबा सिस्टरनं दारातूनच परत केला,
बाहेरचं चालत नाही.
तो मीच खाल्ला, जिन्यात, उभ्यानं.
चाचांनी पुडा हातात घेतला, वजन करावं तसा धरला.
वस्तरा न लागता पडलेलं जावळ चालतं का,
एवढंच आम्हाला विचारायचं होतं.
चाचा म्हणाले, मला काय ठाऊक,
मी तिथं झाडलोट करणारा.
नेतो. ठेवतो. घ्यायचं असलं तर घेईल.
आणि पुडा आतल्या खिशात घातला,
परतीच्या तिकिटाशेजारी.

मी मोजत राहिलो.
प्लेटलेट, थेंब, पुढच्या सुईचे दिवस.
वेढे मोजायची सवय. एक वेढा कमी पडला
तर मोटार फिरते, पण तापते.
सत्यशीला मोजायची नाही,
मोजल्यावर दृष्ट लागते म्हणायची.
मधे पिराजी, एका हाताला सलाईन,
दुसऱ्या हातात माझा जुना टेस्टर,
खाटेच्या लोखंडाला टेकवून बघायचा,
दिवा लागतो का.

आता घरी आहोत. गोळ्या अजून दीड वर्ष.
डोक्यावर लव आली आहे,
पहिल्यापेक्षा कुरळी, उन्हात धरली तर तांब्याच्या रंगाची.
काल दुकानातल्या बाकड्यावर बसून त्यानं विचारलं,
हे केस कुणाचे? माझे का पिराचे?

मी म्हणालो, तुझे.
आतून सत्यशीला म्हणाली, अर्धे अर्धे.

पिराजी बराच वेळ डोकं चाचपत राहिला.
मग त्यानं टेस्टर उचलला
आणि हळूच टाळूवर टेकवला,
आधी एका बाजूला,
मग दुसऱ्या.