मूर

इंग्रजी स्पेशलला आम्ही चौघं,
आणि खाऱ्या हवेनं गंजलेला एक पंखा.
अभ्यासक्रम फिरून पुन्हा त्याच कादंबरीवर आला होता,
म्हणून जामसंड्यात निम्म्या किमतीत मिळाली.
पहिल्या पानावर जांभळ्या शाईत:
हेमांगी कोयंडे, एस. वाय., १९९७.
पुढे पानापानाच्या कडेला तिची पेन्सिल,
बारीक, तिरकी, डास बसावेत तशी:
ओसाड. खिन्न. वचन मोडणे. लोकरीचे जाड कापड.
आणि बावन्नाव्या पानावर,
मूर : होडी बांधणे.

वाघमोडे सर जतचे. ते म्हणाले, मूर म्हणजे माळ,
झाड नाही, पाणी नाही, नुसता वारा.
मी खिडकीबाहेर बघत होते.
कॉलेजच्या मागे कातळ सुरू होतो,
काळा पडलेला, भोकाभोकांचा,
आश्विनात चार दिवस पिवळा, मग पुन्हा तसाच.
सर, हा तर सडा, मी म्हटलं.
ते म्हणाले, परीक्षेत मोअरलँड लिही.

एकशे बाराव्या पानावर पेन्सिल थांबते.
पुढची दोनशे पानं कोरी.
मी लगेच गोष्ट रचली. दुसरं काय शिकवतात आम्हाला,
मोकळा समास दिसला की त्यात दुःख शोधायचं.
लग्न ठरलं असेल.
वडलांचा ट्रॉलर गेला असेल, माणसांसकट.
रात्री झोपताना मी तिला थोडा खोकलाही दिला.

ती सापडली बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात,
वजनाच्या खिडकीमागे, चष्मा कपाळावर.
मी पुस्तक पुढे केलं. तिनं आधी वास घेतला.
एकशे बारा दाखवलं.
"फुडे कळाक लागला," म्हणाली, "मगे कित्याक लिवू?"

एवढंच.

मग बावन्न दाखवलं. सांगितलं, मूर म्हणजे सडा.
मागे दोन टेम्पो हॉर्न मारत होते,
लादी घसरत आली, कोणीतरी हुकनं ओढली.
ती पानाकडे बघत राहिली.
"म्हंजे ता चेडू राती चलत गेला? सड्यार?
मी समजलंय, होडी सोडून गेला."

सत्तावीस वर्षं ती मुलगी
हेमांगीच्या डोक्यात बांधलेल्या होड्यांमधून वाट काढत होती,
घोटाभर पाण्यात, कंदील न घेता,
एकेक दोर चाचपत, आपल्या वजनाला पेलेल अशी एक शोधत.
माझी मुलगी तीच रात्र कातळावर
पाय सोलून घेत होती.
पुस्तकात ती पहाटे पोचते. कुठून, ते लेखक सांगत नाही.

पेपरात प्रश्न आलाच, दहा गुणांचा.
मी मोअरलँड लिहिलं, वारा लिहिला, एकाकीपण लिहिलं,
सरांचे सगळे शब्द, क्रमानं.
सहा मिनिटं उरली तेव्हा मॅडमनी दोरा दिला,
पुरवणी बांधायला.
मी गाठ मारली ती होडीची पडली:
इकडून ओढली तर घट्ट,
तिकडून एक हिसका, की मोकळी.