खालची डावी दाढ

फॉर्मवर लिहिलंय: अच्युत खांबेटे, वय अठ्ठ्याहत्तर,
निवृत्त, हवामान खातं.
नळ स्टॉपच्या माझ्या दवाखान्यात
वेळेच्या पंधरा मिनिटं आधी येतात,
पण वर येत नाहीत.
समोरच्या रसवंतीत उभे राहून
कोण चढतं, कोण उतरतं ते बघतात.
रस मात्र घेत नाहीत, मधुमेह.

आज दाढेवरची जुनी टोपी निघाली.
धातू ओळखीचा नाही, कड हातानं घासलेली.
अशी घासायला आपल्याकडे कुणी शिकवत नाही.
‘कुठे बसवली होतीत?’
‘मिरजेला.’

माझं माहेर मिरज.
मी सुई भरली.

भूल चढली, ओठ जड झाला,
तेव्हा दिव्याकडे बघत बोलले,
शब्द अर्धे लाळेत:
त्यानं पैसे घेतले नव्हते.
पुलाचं त्याला सांगता येत नव्हतं.
रोज त्याच वेळेला जायचा,
सायकलवरून.

खाली मेट्रो गेली की सिग्नल सुटला,
कसला तरी आवाज झाला. त्यांनी गुळणी केली.

टोपी टाकू का, विचारलं.
रुमालात बांधून घेतली.
सुटे पैसे मोजून ठेवले, पावती नको म्हणाले.

कार्डावर ‘पूर्वीचे उपचार’ असा रकाना आहे.
पेन थोडा वेळ तसंच धरलं.
मग लिहिलं, मिरज.