नाव चढवणं

माझगावात, भंडारवाड्याच्या उतारावर,
नाखवांच्या पोटमाळ्यावर मशीन अजून आहे.
त्र्याण्णव साली हप्त्यांनी घेतलेलं,
लग्नाच्या कॅसेटींवर नावं उमटवायला.
शाळा सुटली की मी तिथे लेबलं चिकटवायची,
कॅसेटीमागे चार आणे.
आता बॅटरी फुटून बोर्डावर हिरवा थर धरलेला,
तो व्हिनेगर आणि दातांच्या ब्रशनं खरवडून काढला.

कार्ड मात्र नवंकोरं,
मशीनपेक्षा तीस वर्षांनी धाकटं.
खाचेत बसवलं. मशीननं विचारलं, कोण?
कार्डानं आपला नंबर सांगितला.
मशीननं यादी चाळली
आणि रेशनच्या खिडकीतल्या कारकुनासारखं
न बघताच म्हणालं: नाव नाही.

तर ते नाव चढवायचं काम माझं.
मेमरीत कुठून कुठवर याची हद्द,
रेघ संपली की किती थांबायचं,
पानाच्या तळाशी पोचलं की परत वर कधी यायचं.
सतरा दिवस पडदा काळा.
अठराव्या दिवशी एक रेघ आली, आडवी, थरथरती.
मी हाक मारली. नाखवा खरकट्या हातानं वर आले.
"रेघ आहे," म्हणाले.
"हो."
"बरं आहे." आणि उरलेला भात संपवायला खाली गेले.

पुढच्या आठवड्यात जुनी फ्लॉपी उघडली:
चि. दिगंबर आणि चि. सौ. कां. वैजयंती.
हळद हळदीसारखीच,
पण कुंकू हिरवंगार, चुडा लालभडक,
आणि मुंडावळ्यांचे मोती, भटजींचं उपरणं, मागची भिंत,
पांढरं म्हणून जे जे होतं ते सगळं पिवळं.
नाखवांनी चष्मा पुसला.
"हळद जरा जास्तच लागली."

तीन रात्री मी चूक कार्डात शोधली.
चौथ्या दिवशी त्यांची नात जिन्यात आकडे लिहीत बसलेली.
पंचवीस सांगितलं, तिनं बावन्न लिहिलं.
आधी पाच ऐकू आला, म्हणून आधी पाच.
तिला कोणी रागावलं. मी नाही.
मी वर पळाले.

आकडे दोघांचेही बरोबरच होते की!
मशीन मोठ्या टोकाकडून बोलत होतं,
कार्ड धाकट्या टोकाकडून ऐकत होतं.
चार बाइट उलटे केले. एक ओळ.
कुंकू कपाळावर आलं.

मग कार्डाला झेपेल तेवढा पडदा दिला.
दिगंबर-वैजयंती एकदम आक्रसले
आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले.
बाकी सगळीकडे राखाडी मोकळीक.
नाखवा खुर्चीच्या कडेला टेकले.
एकशे ऐंशी चौरस फुटांत सहा माणसं,
दोन व्हीसीआर आणि एक धंदा नांदवलेला माणूस,
तो बराच वेळ त्या रिकाम्या भागाकडेच बघत राहिला.
"एवढी जागा? आणि भाडं?"
"नाही."
विश्वास बसला नसावा.
पण माउस धरला त्यांनी, आणि हलक्या हातानं
नवरा-नवरीला भिंतीपासून
थोडं अलीकडे घेतलं.