चौदा रकाने

माझ्या दुकानात नऊ कॉम्प्युटर होते, आता दोन.
बाकीच्या टेबलांवर कोंबड्यांच्या खाद्याची पोती.
म्बिताच्या धक्क्यावर आता ज्याचं त्याच्या मुठीत सगळं:
बँक, बायबल, बातम्या, डिझेलचा भाव.
माझ्याकडे येतात ते अडलेले.

आपोंदी आली मंगळवारी, म्फांगानोहून दुपारच्या बोटीनं,
ओल्या चपला दाराशी काढून.
बेटावरच्या मच्छीमार सोसायटीचा हिशेब तिच्याकडे.
दीड वर्ष मासळीची वजनं तिनं फोनवर भरली,
तडा गेलेल्या काचेवर, एका अंगठ्यानं,
दुसऱ्या हातानं वाळत्या ओमेनावरचे पक्षी हाकत.

चौदा रकाने, दोनशे ओळी,
काचेत मावतात तीन रकाने, नऊ ओळी.
नाव बघावं तर रक्कम उजवीकडे पळते,
रक्कम धरावी तर नाव डाव्या काठाखाली बुडतं.
कुडाच्या भोकातून बैल बघावा तसं:
आधी शिंग, मग वशिंड, मग शेपूट,
बैल कधीच नाही.

"ताळा जुळत नाही," ती म्हणाली.
"महिन्याला अठराशे शिलिंग गळतात कुठंतरी.
सगळे माझ्याकडे बघतात."

मी मशीन सुरू केलं. पंखा खोकला.
मिनिटाला दोन शिलिंग, आधीच सांगून ठेवलं.
तिनं माउस धरला अंडं धरावं तसा
आणि फाईल उघडली.
सगळी.
वारा पडल्यावर सरोवर दिसतं तशी,
या काठापासून त्या काठापर्यंत.

"बघा, हे फोनला जमत नाही," मी म्हटलं.
(हे वाक्य मी महिनाभर जपून ठेवलं होतं.)
ती ऐकत नव्हती.
एकशे एकतिसाव्या ओळीवर तिनं बोट टेकवलं
आणि सवयीनं सरकवलं.
पडदा हलला नाही. ओळही नाही.

ओबिएरो. सभासद. बोट क्रमांक सात.
वजनाच्या रकान्यांत मार्चपासून शून्य, शून्य, शून्य.
त्याच ओळीत, पार उजवीकडे, वाटा: अठराशे.
मार्चात बुडाला तो. तिचा धाकटा भाऊ.
चौथ्या दिवशी सापडला, आख्खं बेट किनाऱ्यावर होतं.
आणि चौदाव्या रकान्यात,
जिथवर कुणाचा अंगठा कधी सरकत गेला नाही,
घेणार: मिलका. त्याची बायको.
वाटे भरायचं काम म्हाताऱ्या न्यांग्वेसोचं.
खजिनदाराला हल्ली दिसत नाही म्हणतात.

मी खाद्य मोजायला वळलो.
मागून आवाज नाही, कळांचा नाही, तिचा नाही.
मीटर चालू.

"ओळ पुसली, तर परत येते का?"
"लगेच केलं, तर येते."

मग कळा वाजल्या. मी चोरून पाहिलं.
तिनं आपलंच नाव शोधलं होतं:
हिशेबनीस, पगार, पंचवीसशे.
ते खोडून सातशे केले.
तळाचा लाल चौकोन हिरवा झाला.

अडतीस शिलिंग झाले, तिनं चाळीस दिले.
दोन परत घेऊन, चपला घालून ती गेली.

दिवे लावताना दिसलं, फाईल तशीच उघडी.
बंद करण्याआधी मी खुर्ची ओढून बसलो
आणि एकशे एकतिसावी ओळ
डावीकडून उजवीकडे वाचली,
न सरकवता.