पाणी कुणी घातलं

आंघोळ घालणं हेच माझं काम.
कळव्याच्या हॉस्पिटलात बावीस वर्षं.
जन्मलेल्याला पहिलं पाणी,
गेलेल्याला शेवटचं.
टब वेगळे, मग वेगळा,
हात तेच.

रेमेडियाला टाके होते, उठता येत नव्हतं.
नवरा इंजेक्शन शोधत सायनला गेलेला,
फादरांचा फोन लागत नव्हता,
रात्रीचे अडीच.
वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत तिची मुलगी,
नऊशे ग्रॅम,
ताज्या बोंबलासारखी,
आतलं सगळं दिसणारी.

मावशी, तुम्ही घाला तिला पाणी, ती म्हणाली.
म्हटलं, बाई, मी भोपी. आमच्या घरात एकवीरा आहे.
चालतं, म्हणाली.
घाईच्या वेळी कुणीही चालतं.
फक्त चर्च जे करतं
तेच करायचं मनात धरा.
आणि रिपोर्टच्या पाठीवर
वाकड्या अक्षरात लिहून दिलं.

सिस्टरने घड्याळ पाहिलं, पेटी पाहिली.
पाच-सहा थेंब, मावशी. कोमट.
मी सवयीने कोपर लावायला गेले
आणि हसूच आलं,
सिरिंजमधल्या पाण्याला कोपर कसं लावणार?

आग्नेस,
मी तुला पित्याच्या (एक थेंब)
आणि पुत्राच्या (एक)
आणि पवित्र आत्म्याच्या
नावाने
(हा थेंब कपाळावरून घरंगळत कानात गेला,
मी बोटाने टिपला)
स्नानसंस्कार देते.

शब्द कागदावरचे होते.
त्यांच्याखाली माझं आपलं एकच चाललेलं,
थांब गो बाय. थांब.

पाच महिन्यांनी रेमेडिया मला शोधत आली.
चर्चमध्ये मी मागच्या बाकावर,
चपला काढायच्या की नाही ते कळेना.
फादरांनी पोरीच्या टाळूला तेल लावलं,
पांढरं वस्त्र पांघरलं, मेणबत्ती पेटवली.
दगडी कुंडात पाणी भरलेलं होतं.
त्याला त्यांनी हात लावला नाही.

रेमेडियाची सासू कुजबुजली, पाणी राहिलं की.
फादर म्हणाले, झालंय.
पाणी एकदाच.
त्या रात्री ती ख्रिस्ताबरोबर मेली
आणि त्याच्याबरोबरच उठली.
आता मी फक्त घरातल्यांना सांगतोय
की ही आलेली आहे.

मला त्यातलं अर्धं कळलं.
पण मेली आणि उठली, हे मी पाहिलेलं.
पहाटे चारला मशीनवरची रेघ
बुडून वर आली होती.

मग त्यांनी जाड रजिस्टर उघडलं.
नाव, जन्म, आई, बाप,
आणि शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं.
पाणी कुणी घातलं?

मावशी, असं रेमेडिया बोलून गेली,
मग गप्प झाली.
तिलाही माहीत नव्हतं.
हजेरीपटावर मी आया नंबर सात,
रेशनकार्डावर सुंगधा, अनुस्वार चुकलेला.

सुगंधा, मी म्हटलं. सुगंधा भोपी, दिवा.
अनुस्वार गवर.

त्यांनी सावकाश लिहिलं,
शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.
मला सांगायचं होतं, फादर,
चर्चचं मनात धरायला जमलं नाही हो,
मी नुसतं थांब म्हणत होते.
पण मागे दुसरं कुटुंब उभं होतं
आणि आग्नेस रडायला लागली,
चांगली दणदणीत,
तेलकट टाळू लालबुंद करून.

रात्री ड्युटी होती.
नवं बाळ, तीन किलो, बापाचं नाक.
टबात पाणी काढलं,
कोपर बुडवलं,
आणि जरा वेळ
तसंच ठेवलं.